एका फवाऱ्यातली दोन औषधे

जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के रुग्ण भारतात आहेत. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. जागतिक रोगभाराच्या २०१९ सालच्या अंदाजातले हे दोन आकडे शेजारी ठेवले की मन अस्वस्थ होते. औषधे मिळत नाहीत म्हणून हे घडते असे म्हणावे, तर दम्याचे जवळपास प्रत्येक महत्त्वाचे औषध आपल्या देशात बनते आणि इथून परदेशीही जाते. उशिरा होणारे निदान, खर्च आणि लांबचा दवाखाना ही कारणे खरीच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे आणि ते रुग्णाच्या हातातल्या पंपापर्यंत पोचते: रुग्ण कोणते औषध आवडीने घेतो आणि कोणते टाळतो. दोन औषधे एकत्र भरलेला पंप, म्हणजे कॉम्बिनेशन इन्हेलर, केवळ एक पंप वाचावा म्हणून केलेला नाही. ज्या औषधाने लगेच बरे वाटते त्याच्याशी, ज्याने जीव वाचतो पण लगेच काही जाणवत नाही असे औषध तो बांधून टाकतो. ही बांधणीच त्याचे खरे मोल आहे. आणि ती कुठे उपयोगी पडते व कुठे पडत नाही हे समजले, तरच हा पंप शहाणपणाने वापरता येतो.

आधी श्वासनलिकेत काय बिघडते ते पाहू. दम्यात एकाच वेळी दोन गोष्टी होतात. नलिकेभोवती असलेले स्नायू आवळतात, नलिका अरुंद होते, छाती जड होते आणि श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. हे काही मिनिटांत घडते आणि योग्य औषधाने काही मिनिटांत सुटतेही. दुसरी गोष्ट संथ असते. नलिकेच्या आतल्या अस्तराला सूज येते, तिथे इओसिनोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, चिकट कफ साचतो आणि हे अस्तर धूळ, धूर, थंड हवा अशा कशालाही चटकन चिडू लागते. सूज दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे मुरत राहते, आणि बरेचदा रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. साल्ब्युटामॉलचा फवारा आवळलेले स्नायू सैल करतो. त्याचा गुण पाच मिनिटांत जाणवतो आणि चार ते सहा तास टिकतो. सुजेवर मात्र त्याचा काहीच उपाय चालत नाही. सूज उतरवण्याचे काम श्वासावाटे घेतलेले स्टेरॉइड करते आणि त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा काढणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवून पावसाळा काढण्यासारखे आहे: जमीन कोरडी दिसते, पण वासे कुजतच असतात.

या भ्रमाची किंमत किती मोठी असते हे पंपाच्या इतिहासातच नोंदले गेले आहे. दाबाखाली औषध भरलेला, मोजून फवारा देणारा पंप १९५६ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजने बाजारात आणला. कंपनीच्या प्रमुखांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले होते, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरता येत नाही? त्या प्रश्नातून हा शोध निघाला. लवकरच नळी मोकळी करणाऱ्या आयसोप्रिनॅलिनचे पंप घरोघरी पोचले आणि त्यांची पाचपट तीव्रतेची ‘फोर्ट’ आवृत्तीही आली. त्यानंतरच्या काही वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्या तरुणांची आणि मुलांची संख्या झपाट्याने वाढली. धोक्याची सूचना देऊन विक्रीवर निर्बंध आणल्यावर ती उतरली. न्यूझीलंडमध्ये १९७६ साली त्याच जातीचे फेनोटेरॉल आल्यानंतर हेच पुन्हा घडले. हृदयावर पडणारा औषधाचा ताण किती आणि तात्पुरत्या आरामामुळे दवाखान्यात जायला झालेला उशीर किती, यावर तज्ज्ञांनी पुष्कळ वाद घातला. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य करावीच लागली: सूज तशीच ठेवून केवळ आराम देणारे औषध रुग्णाच्या हाती मोकळे सोडणे सुरक्षित नाही.

बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड १९७२ सालापासून उपलब्ध होते. म्हणजे सूज उतरवणारे औषध आणि नळी मोकळी करणारे औषध, दोन्ही हाताशी होती. अडचण होती ती माणसाच्या स्वभावाची. एका पंपाने पाच मिनिटांत मोकळे वाटते. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि घेतल्यावर काहीच जाणवत नाही. अशा वेळी दुसरा पंप कपाटात राहतो आणि पहिला खिशात जातो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या औषधनोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की वर्षभरात स्टेरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला तसतसा दम्याने मरण्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी घटत गेला. ब्रिटनमध्ये दम्याच्या १९५ मृत्यूंची बारकाईने छाननी होऊन २०१४ साली अहवाल आला. आराम देणारा पंप वापरत असलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना शेवटच्या वर्षात असे बारापेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते. ज्याचा दमा आटोक्यात आहे त्याला वर्षाला एक-दोन पंप पुरतात. महिन्याला एक पंप संपत असेल, तर तो धोक्याचा घंटानाद आहे.

दरम्यान बारा तास टिकणारी, नळी मोकळी ठेवणारी औषधे आली: साल्मेटेरॉल आणि फॉर्मोटेरॉल. १९९४ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत असे आढळले, की कमी मात्रेतल्या स्टेरॉइडने दमा आटोक्यात येत नसेल, तर स्टेरॉइड दुपटीहून वाढवण्यापेक्षा सोबत साल्मेटेरॉल देणे जास्त गुणकारी ठरते. १९९७ साली ८५२ रुग्णांच्या वर्षभराच्या चाचणीने हिशेब आणखी स्पष्ट केला. बुडेसोनाइडच्या कमी मात्रेशी तुलना केली, तर फॉर्मोटेरॉल जोडल्याने दम्याचे तीव्र झटके २६ टक्क्यांनी कमी झाले, बुडेसोनाइडची मात्रा वाढवल्याने ४९ टक्क्यांनी, आणि दोन्ही केल्याने ६३ टक्क्यांनी. यावरून कुणाला वाटेल की ही दीर्घकाळ टिकणारी औषधे एकटीही दिली तर चालतील. तो समज अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने मोडला. २६ हजारांहून अधिक रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या औषधांसोबत २८ आठवडे साल्मेटेरॉल किंवा निष्क्रिय फवारा दिला गेला. साल्मेटेरॉलच्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ३. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. सहभागी रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जण सुरुवातीला स्टेरॉइडचा पंप वापरत होते, आणि या निकालाचा अर्थ लावताना हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

इथे जोडपंपाचा युक्तिवाद उभा राहतो. दोन पंप वेगवेगळे लिहून दिले तर रुग्ण नेमका कोणता सोडणार हे आपल्याला आता ठाऊक आहे. दोन्ही औषधे एकाच फवाऱ्यात असतील तर स्टेरॉइड वगळून आराम मिळवण्याची वाटच बंद होते. पेशींच्या पातळीवरही ही जोडी एकमेकांना धार्जिणी आहे. नळी मोकळी करणारे औषध स्नायूंवरच्या ज्या बीटा-२ ग्राहकांवर बसते, ते ग्राहक सततच्या वापराने कमी होतात. स्टेरॉइड पेशीला ते पुन्हा तयार करायला लावते. उलट बाजूने, नळी मोकळी करणारे औषध स्टेरॉइडला पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचायला मदत करते. पण तर्क कितीही सुबक असला तरी मृत्यूंचा प्रश्न पुराव्यानेच सुटायला हवा होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपन्यांकडून चार मोठ्या चाचण्या करवून घेतल्या. चाळीस हजारांहून अधिक मोठ्या माणसांत आणि मुलांत जोडपंपाची तुलना नुसत्या स्टेरॉइडशी झाली. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत, तीव्र झटके मात्र कमी झाले. डिसेंबर २०१७ मध्ये जोडपंपांवरचा ठळक इशारा काढून टाकण्यात आला. एकट्या साल्मेटेरॉलवरचा इशारा कायम राहिला.

पुढचे पाऊल फॉर्मोटेरॉलने शक्य केले. साल्मेटेरॉलचा गुण यायला वेळ लागतो. फॉर्मोटेरॉल मात्र एक ते तीन मिनिटांत काम सुरू करते आणि बारा तास टिकते. म्हणजे धाप लागल्यावर साल्ब्युटामॉलच्या जागी बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचाच फवारा घेता येतो, आणि प्रत्येक आरामासोबत स्टेरॉइडची लहानशी मात्रा आपोआप पोटात नव्हे, थेट नलिकेत जाते. सौम्य दम्याच्या ३,८४९ रुग्णांवरची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. गरजेपुरता हा जोडपंप घेणाऱ्यांना नुसता आराम देणारा पंप घेणाऱ्यांपेक्षा तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आले. रोज नेमाने स्टेरॉइड घेणाऱ्यांइतकेच संरक्षण मिळाले, आणि तेही त्यांच्या स्टेरॉइडच्या जेमतेम सहाव्या हिश्शात. नेमाने घेणाऱ्या गटात लक्षणे थोडी अधिक आटोक्यात राहिली, हेही नोंदवायला हवे. या आणि अशा पुराव्यांवरून जागतिक दमा उपक्रमाने, म्हणजे ‘जिना’ने, २०१९ साली आपली जुनी शिफारस बदलली: मोठी माणसे आणि किशोरवयीन मुले यांचा दमा नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये. अर्धशतकाची सवय मोडणारा हा निर्णय आपल्या गावोगावच्या दवाखान्यांपर्यंत अजून पुरेसा झिरपलेला नाही.

यावर भारतातल्या जाणत्या वाचकाचा पहिला आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे एकाच गोळीत तीन-चार औषधे कोंबून विकण्याची जुनी खोड आहे. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशी ३४४ मिश्रणे एका फटक्यात बंद केली, ती उगाच नव्हे. अशा मिश्रणात एका घटकाची मात्रा वाढवली की दुसऱ्याचीही वाढते आणि दुष्परिणाम कशाचा हे कळत नाही. मग या मिश्रणावर विश्वास का ठेवायचा? कारण मिश्रण योग्य ठरण्यासाठी ज्या कसोट्या लावायला हव्यात त्या इथे लावलेल्या आहेत. प्रत्येक घटकाचे काम वेगळे आणि सिद्ध झालेले आहे. दोन्ही एकाच ठिकाणी, सारख्याच वेळा लागतात. एकत्र देण्याची तुलना एकेकट्याशी झालेली आहे. आणि त्यातले एक औषध दम्यात एकटे देणे धोक्याचे आहे हे दिसून आले आहे. मात्रा बदलण्याची अडचणही बरीच सुटली आहे, कारण हे पंप स्टेरॉइडच्या वेगवेगळ्या मात्रांत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची जोडी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती याच कारणांनी.

दुसरा आक्षेप घराघरांतून येतो: पंपाची सवय लागते आणि त्यात स्टेरॉइड असते. लेकीला पंप लागतो हे सोयरीक जुळवताना लपवले जाते, मुलाला ‘आधी गोळ्यांवर बघू’ म्हणून वर्षे काढली जातात. इथे मात्रांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीचा विसावा किंवा चाळिसावा भाग. झटका आल्यावर मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्याव्या लागतात. बुडेसोनाइडच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम असतात. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छातीत धडधडते. फवारा हवा तिथे पोचतो. पंप बंद केल्यावर त्रास परततो तो व्यसन जडले म्हणून नाही, आजार अजून आहे म्हणून. रक्तदाबाची गोळी सोडली तर रक्तदाब वाढतो, तितकेच हे साधे आहे. तरीही दुष्परिणाम शून्य आहेत असे सांगणे फसवणूक ठरेल. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो. फवाऱ्यानंतर चूळ भरून थुंकल्याने हे बरेचसे टळते. लहान मुलांच्या उंचीची धास्ती आईवडिलांना असते. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात बालपणी काही वर्षे बुडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. तो परिणाम खरा आहे, म्हणून मात्रा शक्य तितकी कमी ठेवावी. पण रात्र-रात्र खोकणारे, शाळा बुडवणारे आणि दर थंडीत स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारे मूल त्याहून कितीतरी जास्त गमावते.

आता सर्वांत अवघड मुद्दा. हाच पंप सीओपीडीलाही दिला जातो आणि तिथे वरचा युक्तिवाद जसाच्या तसा लावता येत नाही. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने नलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातले नाजूक वायुकोश झिजतात. भारतात २०१६ साली याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. १९९० साली ते याच्या निम्मे होते. हा फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली दाखवून दिले, की जगभरातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका त्यात मोठ्या संख्येने आहेत. दम्यात स्टेरॉइड हा उपचाराचा कणा आहे. सीओपीडीतली सूज बहुधा वेगळ्या पेशींची असते आणि स्टेरॉइडला ती फारशी दाद देत नाही. तिथे कणा म्हणजे नळी मोकळी ठेवणारी दीर्घकाळ टिकणारी औषधे, आणि जोडी बनते ती अशा दोन औषधांची.

पुरावाही हेच सांगतो. २००७ साली सहा हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत साल्मेटेरॉल-फ्लुटिकासोनच्या पंपाने झटके कमी झाले, पण मृत्यू कमी झाल्याचे संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाले नाही. न्यूमोनिया मात्र १२.३ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर गेला. २०१६ सालच्या चाचणीत स्टेरॉइड नसलेल्या जोडीने, म्हणजे इंडाकॅटेरॉल आणि ग्लायकोपायरोनियमने, स्टेरॉइडवाल्या जोडीपेक्षा झटके ११ टक्क्यांनी कमी केले. २०१८ साली दहा हजारांहून अधिक रुग्णांवर तीन औषधांचा एकत्रित पंप तपासला गेला. वारंवार झटके येणाऱ्यांना तो दोन्ही जोड्यांपेक्षा सरस ठरला, आणि न्यूमोनियाचा धोका तिथेही स्टेरॉइडसोबत आलाच. म्हणून निवड रक्ताच्या साध्या तपासणीवरून करता येते. इओसिनोफिल पेशी ३०० किंवा त्याहून अधिक असतील आणि झटके येत असतील तर स्टेरॉइडचा फायदा ठळक असतो; १०० पेक्षा कमी असतील, वारंवार न्यूमोनिया होत असेल किंवा पूर्वी क्षयरोग झालेला असेल, तर स्टेरॉइड टाळण्याकडे कल हवा. क्षयरोग घरोघरी ठाऊक असलेल्या आपल्या देशात हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. म्हणून ‘धाप लागते’ एवढ्यावर जोडपंप लिहून देणे पुरेसे नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून करायची साधी तपासणी, दमा आणि सीओपीडी वेगळे करायला मदत करते आणि ती व्हायलाच हवी.

योग्य औषध निवडूनही ते घशातच राहिले तर सगळे व्यर्थ. औषधाचा कण १ ते ५ मायक्रॉनचा असला तरच तो बारीक नलिकांपर्यंत जातो. साध्या पंपाने फवाऱ्यातला पाचवा हिस्साही आत पोचला तरी बरे म्हणायचे. पद्धत अशी: पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटावेत, श्वास आत घ्यायला सुरुवात करून डबा दाबावा, चार-पाच सेकंद सावकाश ओढत राहावे आणि मग दहा सेकंद श्वास रोखावा. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावावा; मुलांना आणि वृद्धांना तो हवाच. रोटाकॅपची, म्हणजे पूड भरलेल्या कॅप्सूलची, पद्धत याच्या उलट आहे: त्यातली पूड उडवायला जोराचा, खोल श्वास लागतो. एकाच घरात दोन तऱ्हेची साधने असली की ही गल्लत हमखास होते. रोटाकॅपच्या यंत्रात फुंकर घातली तर पूड दमट होऊन चिकटते. डब्याचा आवाज येतो म्हणून औषध शिल्लक आहे असेही समजू नये. औषध संपल्यावरही आतला वायू फवारत राहतो. डब्यावरचा मोजणीचा आकडाच खरा. औषधाच्या दुकानातून पंप हातात देताना हे करून दाखवणे आणि पुढच्या भेटीत रुग्णाकडून करवून घेणे, हे औषधाइतकेच उपचाराचे काम आहे.

या सगळ्या पुराव्यांतून निघणारे मागणे साधे आहे. दम्याच्या रुग्णाला मिळणारी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी गोष्ट स्टेरॉइडविना आराम देणारा पंप किंवा गोळी असेल, तर रुग्ण तिच्याकडेच वळणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप साल्ब्युटामॉलइतक्याच सहजपणे असायला हवा, आणि सीओपीडीसाठी स्टेरॉइड नसलेली जोडीही. रुग्णानेही डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत: माझा आजार दमा आहे की सीओपीडी, ते कोणत्या तपासणीवरून ठरले, या पंपात कोणती दोन औषधे आहेत, आणि धाप लागल्यावर हाच घ्यायचा की दुसरा? साल्मेटेरॉलचा पंप आरामासाठी पुन्हा-पुन्हा ओढायचा नसतो, फॉर्मोटेरॉलचा ठरवून दिलेल्या मर्यादेत चालतो. एवढा एक फरकही जीव वाचवू शकतो. ही औषधे वर्षानुवर्षे आपल्या कारखान्यांत बनत आली आहेत. मृत्यूंचे प्रमाण उतरवायचे असेल, तर त्यांतले योग्य औषध योग्य रुग्णाच्या श्वासापर्यंत पोचवण्याची जबाबदारी आता दवाखान्याने, दुकानदाराने आणि सरकारने मिळून उचलायला हवी.